बाबा रागावलेत की दादा खचलाय?

९ जानेवारी

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. खरं तर फोनच करणार होते. नंबर लावला, तुझ्याकडे घंटा वाजायला लागली आणि मी पटकन ठेवून दिला. फोनवर समोरचं माणूस क्षणभर गप्प झालं तरी मला वाटतं, संपलं, आपण काहीतरी भलतंच बोललो. पत्रात निदान तू कधी गप्प झालीस ते मला कळणार नाही.

विषय बाबांचा आहे. ते माझ्यावर रागावले आहेत.

तू म्हणशील, त्यात काय नवीन? पण बाबांचा राग तुला माहीत आहे. एक भांडं आदळतात, दोन वाक्यं बोलतात आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःच हसायला लागतात. हा राग तसा नाही. हा गार आहे. मी कामावरून येते, ते दार उघडतात, माझ्याकडे बघतात आणि बाजूला होतात. पापणीसुद्धा हलत नाही. जेवताना समोर बसतात आणि मी बोलत असताना असे बघतात की माझा घास तोंडातच फिरत राहतो.

कारण मला ठाऊक आहे. त्यांचे ते छापखानेवाले मित्र आहेत ना, त्यांची साठी होती. "तू यायचंसच," असं बाबांनी मला बजावलं होतं. मी गेले. नवीन कपडे घालून, हॉलच्या जिन्यापर्यंत. दार उघडं होतं. आत दोन बायका उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं. आणि मी उलट्या पावली घरी आले. बाबांनी आत माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती म्हणे. तेव्हापासून हा चेहरा. म्हणजे, तेव्हापासूनच असं मला वाटतं. आधीही होता का? आता आठवायला गेले की सगळंच गढूळ होतं.

मी विचारत का नाही? आत्या, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला "काडी कानाला लागते का?" एवढं विचारायला मी मनात तीनदा वाक्य म्हणून बघते. बाबांना "तुम्हाला मी नकोशी झाले आहे का?" हे कुठल्या तोंडाने विचारू? आणि ते "हो" म्हणाले तर?

तू त्यांची बहीण. लहानपणापासून हा चेहरा बघत आली आहेस. एकदा येऊन बघशील का?

तुझी,
खारू


२१ जानेवारी

चि. खारू,

तुझं पत्र दाराच्या फटीतून आत पडलं तेव्हा मी भर दुपारी पांघरुणात होते. उठून उचलायला बराच वेळ गेला. याला आळस म्हणू नकोस. मी म्हणून बघितलं, त्याने बरं वाटत नाही.

तुला म्हणून सांगते, दादाला सांगू नकोस: मी दिवाळखोर झाले आहे. पैशाने नव्हे, मनाने. शरद ऋतूपासून लाँड्रीत माझा जीव लागेना. हॉटेलांच्या चादरींच्या चळती समोर यायच्या आणि मला वाटायचं, आज इस्त्री केली तरी उद्या कुणीतरी त्यावर लोळणारच आहे, मग कशाला? इस्त्रीखान्याच्या मुख्य बाईने असा विचार केला तर लाँड्री चालायची कशी? डॉक्टरीणबाईंनी त्याला नैराश्य असं नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि रजा लिहून दिली. म्हणून फोन उचलत नाही. घंटा वाजली की ती घंटा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली आहे असं वाटत राहतं.

आता दादा. अगं, तो एवढा वेळ रागावूच शकत नाही. त्याला तेवढा दमच नाही. शाळेत मास्तरांची नक्कल करताना पकडला गेला, छडी खाल्ली, आणि छडी खातानाच्या स्वतःच्या तोंडाची नक्कल मधल्या सुट्टीत करून दाखवली. अशा माणसाचा राग महिनोन्‌महिने टिकतो, तोही एका रिकाम्या खुर्चीवरून? मला पटत नाही. तुला लहानपणापासून सगळे रागावलेलेच दिसतात. पाहुणे आले की तू पडद्यामागे सुरकन पळायचीस म्हणून तर खारू नाव पडलं. ते पाहुणे बिचारे तुला खाऊ घेऊन आलेले असायचे.

येते मी फेब्रुवारीत, आठवडाभर. एवढ्या लांब मला येववेल का हे मला माहीत नाही, पण तिकीट काढून ठेवते, म्हणजे लाजेखातर तरी निघेन.

तुझी आत्या


२३ फेब्रुवारी

चि. खारू,

पोचले. ठरल्यापेक्षा आधी निघाले, त्याला "लाँड्रीतून निरोप आला" असं कारण दिलं. निरोप वगैरे काही नव्हता. तुला खोटं सांगून निघाले, आता खरं सांगून टाकते.

तू चुकलीस. दादा रागावलेला नाही. दादा खचला आहे.

मी हा चेहरा ओळखते, कारण रोज सकाळी आरशात तोच बघते. तो खिडकीशी बसतो आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहतो. त्याचा आवाज किती बारीक झाला आहे, ऐकलास का? दोनदा विचारल्याशिवाय कळत नाही. हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. माझा दादा बोलताना हातवारे असे करायचा की शेजारच्याने पेला सांभाळून धरावा लागायचा. ते सगळं विझलं आहे.

आणि मी त्याला ओझं झाले. पाचव्या दिवशी तू कामावर गेल्यावर मी त्याला लाँड्रीतली गंमत सांगितली: कुणाचा तरी लाल मोजा हॉटेलच्या पांढऱ्या टेबलक्लॉथांबरोबर मशीनमध्ये गेला, सगळे गुलाबी झाले, आम्ही घाबरत घाबरत तसेच पाठवले, तर हॉटेलवाल्यांचा उलट निरोप, "पुढच्या वेळीही गुलाबीच पाठवा." अगं, एवढे महिने मी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. ती गोष्ट सांगायला मला केवढी शक्ती गोळा करावी लागली. पूर्वीचा दादा खुर्चीतून पडला असता. हा खांबासारखा बसून राहिला. मी शेवटचं वाक्य बोलले. मग तो म्हणाला, "चांगलं आहे." त्या रात्री मी बॅग भरली.

तुझ्याबद्दलही एक सांगून टाकते. मला स्टेशनवर उतरवून घ्यायला आलीस तेव्हा तू हसलीस, पण ते हसू कीव केल्यासारखं होतं. असू दे. कीव करण्यासारखीच झाले आहे मी.

तुझ्या दुकानाच्या नव्या शाखेतली ती परगावची जागा देतायत ना तुला? घे. एकट्या माणसाला कधी कधी एकटंच सोडावं. मलाही लोकांनी सोडलेलं बरं वाटतं. म्हणजे बरं वाटत नाही, पण कमी वाईट वाटतं.

आत्या


३ मार्च

आत्या,

कीव? मी? तुझी?

मला तर स्टेशनवर तुझी भीती वाटत होती! तू डब्यातून उतरलीस, माझ्याकडे बघितलंस आणि तोंड उतरलं तुझं. मला वाटलं, झालं, हिला मी आवडले नाही, उशीर झाला असणार, किंवा माझे केस. मी जे हसले ते भीतीने हसले. आणि रोज रात्री तू अर्धं ताट तसंच ठेवायचीस, तेव्हा मला वाटायचं, माझा स्वयंपाक तुझ्या घशाखाली उतरत नाही. भूक लागत नाही असं एकदा तरी बोलायचंस. नाही, तू कशाला बोलशील? मीही नाही विचारलं. जाऊ दे.

पण बाबांच्या बाबतीत तू चुकते आहेस. तू निघालीस तेव्हा ते खिडकीत उभे होते. तू रस्त्यातून हात हलवलास, त्यांनी हलवला नाही. खचलेला माणूस निदान हात तरी हलवतो. मी शेजारी उभी होते, मला दिसलं, जबडा घट्ट होता.

आणखी एक झालं. बेकरीवाल्यांची पाटी. बाबांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या, अक्षर कसं दोरी लावल्यासारखं. या पाटीवर पहिली अक्षरं नेहमीसारखी मोठी, आणि पुढे पुढे बारीक होत गेलेली. शेवटचं अक्षर तर मुंगीएवढं. बेकरीवाले म्हणाले, "काका, दुकान लांबून दिसायला हवं की जवळून?" आणि पाटी परत ठेवून गेले. बाबा त्या पाटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. तसंच. मला समजलं. माझ्यामुळे त्यांचं कामात लक्ष लागत नाही.

नव्या शाखेला मी हो म्हटलं आहे. तुझा सल्ला म्हणून नव्हे. मला त्या डोळ्यांसमोर बसवत नाही म्हणून. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." एवढंच. एकुलती एक मुलगी घर सोडून जाते आणि "बरं."

खारू


६ एप्रिल

चि. खारू,

आज मी तुला आनंदाची बातमी देणार आहे. बहुतेक आनंदाची. वाचून तूच ठरव.

डॉक्टरीणबाईंनी मला एका पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर माणसांचे चेहरे येतात, क्षणभर थांबतात आणि जातात. आपण बटण दाबायचं: हा चिडला आहे, हा दुःखी आहे, हा आनंदात आहे, की याच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मला वाटलं, हा काय पोरखेळ! मी धडाधड बटणं दाबली. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही ज्यांना दुःखी म्हणालात, त्यातले निम्म्याहून जास्त चेहरे साधे होते. ओळखपत्रावर असतात तसे." मी म्हटलं, "शक्य नाही." त्यांनी पुन्हा दाखवले. एका बाईकडे मी किती वेळ बघत होते. मला तर ती आत्ता रडेल असं वाटत होतं. आणि दुसरे काही चेहरे होते, ज्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. अगदी थोडं, पण होतं. ते मला दिसलंच नाही. त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा दिसलं.

त्या म्हणाल्या, मन असं जड झालं की पुष्कळांचं असं होतं. साध्या चेहऱ्यावर दुःख दिसतं आणि बारीकसं हसू नजरेतून निसटतं. मग मी त्यांना, नाव न सांगता, तुझं सांगितलं. रागावू नकोस. त्या म्हणाल्या, ज्यांना माणसांची धास्ती असते त्यांची नजर आधी राग शोधते, आणि काही नसेल तिथेही तिला तो सापडतो.

कळलं का तुला, खारू? तुला राग दिसला, मला दुःख दिसलं, आणि चेहरा एकच! म्हणजे त्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. दादाला काहीही झालेलं नाही. झालं आहे ते आपल्या डोळ्यांना.

मला खूप हलकं वाटलं. मग घरी येताना बसमध्ये वाटलं, आता कुणाकडे बघून काय समजायचं? कंडक्टर माझ्याकडे बघत होता. कसा बघत होता? मी खाली उतरेपर्यंत ठरवू शकले नाही.

तुझी आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी उभ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

आमच्या या शाखेच्या मालकीणबाई मला गेल्याच आठवड्यात काय म्हणाल्या, ऐक. एक गृहस्थ नवा चष्मा घालून माझ्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या, डोळे बारीक. मी लगेच म्हटलं, "दुसरी फ्रेम दाखवू का? की काचा बदलून देऊ?" ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "अगं, नवा नंबर डोळ्याला बसेपर्यंत माणूस असाच बघतो. त्याला तुझं काही वाईट वाटलेलं नसतं, त्याला तू धड दिसतच नसतेस." इतकी वर्षं मी आठ्यांना उत्तरं देत आले, आत्या. त्या माझ्यासाठी नव्हत्याच.

तुझ्या पत्राने धीर आला म्हणून सुट्टीच्या दिवशी घरी गेले. मनाशी पक्कं केलं होतं की बाबांच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते खरं मानायचं नाही. त्यांनी दार उघडलं. तोच चेहरा. माझ्या पोटात गोळा आला, पण मी म्हटलं, हा गोळा माझा आहे, बाबांचा नाही. आणि खरंच जमलं! मी गप्पा मारल्या, ते "हं, हं" करत राहिले.

चहा घेऊन येताना ते पाय घासत घासत आले. शर्टाची बटणं लावायला तर इतका वेळ लागला की मी जिन्यात जाऊन परत आले. थकलेत का, दुखतंय का काही, असं मनात आलं. मग वाटलं, नको, पुन्हा सुरू झालं माझं. प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं की थांबायचं, असं ठरवलं होतं ना? थांबले. काही विचारलं नाही. स्वतःचं कौतुकही वाटलं.

येताना त्यांनी दारातूनच निरोप दिला. कसा होता चेहरा, मी सांगत नाही. मी बघितलंच नाही.

तुझी,
खारू


११ मे

आत्या,

बाबा पडले. स्टुलावर उभे राहून बेकरीची तीच पाटी पुन्हा रंगवत होते. वळताना पाय जागीच चिकटल्यासारखा झाला आणि तोल गेला. खालच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आवाज ऐकला म्हणून बरं. डावं मनगट मोडलं आहे आणि डोक्याला टाके पडले आहेत. शुद्धीवर आहेत, बोलतात. मी इथे त्यांच्या पलंगाशेजारी बसून लिहिते आहे.

मनगटाचं काही नाही, ते जुळेल. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना वॉर्डात चालताना बघितलं आणि मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाबांना बोटं उघडझाप करायला लावली, बसून उठायला लावलं, चांगल्या हाताने एक ओळ लिहायला लावली. ओळ लिहिता लिहिता बारीक होत गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांचा चेहरा असा कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "ते माझ्यावर रागावलेत."

डॉक्टरांनी ओळ लिहिलेला कागद बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "नाही. चेहऱ्याचे स्नायू हलायचे थांबलेत. हा कंपवात आहे."

मी म्हटलं, "पण कंपवातात हात थरथरतात, यांचे तर थरथरत नाहीत." ते म्हणाले, सगळ्यांचे थरथरत नाहीत. काहींचं शरीर आधी मंदावतं. चाल मंद, आवाज बारीक, अक्षर बारीक, पापण्या लवणं कमी, आणि चेहरा असा. गोळ्या आहेत. बरा होत नाही, पण आवरता येतो. लवकर आणलं असतं तर एवढे महिने त्रास काढावा लागला नसता, आणि पडलेही नसते कदाचित, असं म्हणाले.

लवकर, आत्या! मला सगळं दिसत होतं. पाय घासणं दिसलं, बटणं दिसली. पाटी तर घरातच होती. आणि मी माझ्या डोळ्यांना गप्प बसवलं, कारण तू लिहिलंस की दादाला काहीही झालेलं नाही. तू असं का लिहिलंस? एवढ्या खात्रीने का लिहिलंस?

खारू


१८ मे

चि. खारू,

तू रागावली आहेस हे या वेळी चेहरा न बघता कळलं. रागाव. मीही माझ्यावर रागावले आहे, आणि गंमत म्हणजे किती महिन्यांनी मला जड वाटण्याऐवजी राग आला. हे बरं की वाईट, कुणास ठाऊक.

तुझं पत्र वाचल्यापासून डोकं नुसतं गरगरतंय. आधी तू म्हणालीस राग, मी म्हटलं दुःख. दोन्ही चूक. मग आपण म्हटलं, काहीच नाही, आपलेच डोळे वाईट. तीही चूकच. म्हणजे आपले डोळे वाईट होते हे खरं, आणि दादाचा चेहरा बदलला होता हेही खरं. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला सुचलंच नाही. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघींनी त्यांना स्वतःला कधी विचारलं का, कसं वाटतंय म्हणून?" मी खुर्चीत बसून आठवत राहिले. पाच दिवस मी त्याच्या घरात होते, खारू. "चहा घेणार का" विचारलं, "खिडकी लावू का" विचारलं. हे नाही विचारलं.

आता एक काम कर माझ्यासाठी. त्याला विचार की मी आले तेव्हा त्याला माझा कंटाळा आला होता का. खरं काय ते लिही. कंटाळा आला होता असं म्हणाला तरी चालेल. रोज नवा अर्थ लावत बसण्यापेक्षा ते परवडलं.

आणि तो काहीही म्हणाला तरी मी येते आहे. महिनाअखेरीस, सामानासकट. लाँड्रीला कळवून टाकलं की रजा वाढवा, नाहीतर दुसरी बाई बघा. तू नोकरी सोडू नकोस. त्याला गोळ्या वेळेवर देणं, धरून चालवणं, आंघोळीला मदत, हे मी बघेन. दिवसभर अंथरुणात पडायची मला सवय आहे, पण त्याला उठवायचं म्हटलं तर मलाही उठावं लागेल. जमेल का, माहीत नाही. पण येते.

त्याला हे सगळं वाचून दाखव. चेहरा कसा होतो ते मला लिहू नकोस. त्याचा उपयोग नाही.

तुझी आत्या


२५ मे

प्रिय आत्या,

बाबांना चार दिवसांपूर्वी घरी आणलं. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झालेत, पण खुर्चीतून उठणं जरा सोपं झालं आहे. चेहरा अजून तसाच. डॉक्टर म्हणाले, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागेल, किंवा फारसा फरक पडणारही नाही.

मी विचारलं. लिहायला सोपं वाटतं, पण त्यासाठी दुपारभर मी घरात नुसती इकडून तिकडे फिरत होते, दोनदा भांडी घासली. मग त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि खाली बघून म्हटलं, "बाबा, त्या साठीच्या कार्यक्रमापासून तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"कुठल्या साठीच्या?" बाबा म्हणाले.

अगं, त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं! आठवण करून दिली तर म्हणाले, "मला वाटलं तुझं पोट बिघडलं. मीच लवकर निघालो, त्या हॉलमध्ये धड बसवत नव्हतं." मग त्या बारीक आवाजात म्हणाले, "मला वाटत होतं तूच रागावली आहेस. मी काही बोललो की तू खालीच बघायचीस. मग घर सोडून गेलीस. मी विचार करत बसलो, माझं काय चुकलं."

"पण तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात!"

"मी हसून म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून हसलो होतो."

आत्या, त्यांना माहीतच नव्हतं. आतून त्यांना वाटायचं की आपण हसतोय, भुवया उडवतोय, सगळं नेहमीसारखं चाललं आहे. बाहेर काही येत नव्हतं. आरसा असतो, पण दाढी करताना आरशात कोण हसून बघतं? त्यांना फक्त एवढं जाणवत होतं की त्यांच्या विनोदांवर हल्ली कुणी हसत नाही. "मला वाटलं, म्हातारा झालो, विनोद शिळे झाले," म्हणाले.

मग तुझं विचारलं. ते म्हणाले, "ती गुलाबी टेबलक्लॉथांची गोष्ट? मला तर हसून हसून पुरेवाट झाली होती. आणि ती अशी का बघत होती माझ्याकडे, मला कळेना. दुसऱ्या दिवशी निघूनच गेली." तू जाताना त्यांनी हात हलवायला उचलला होता म्हणे, पण तो वर यायच्या आत तू कोपऱ्यावर वळलीस.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. त्यांचा हात बऱ्याच वेळाने माझ्या केसांवर आला. उशीर का लागतो ते आता माहीत होतं, म्हणून वाट बघितली.

तुला वाटत असेल की आता सगळं स्वच्छ झालं. नाही झालं. आज सकाळी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पोटात पुन्हा तोच गोळा. कंपवात, स्नायू, सगळं ठाऊक असूनही. डोक्याला कळलं आहे, पोटाला कळायचं आहे. कधी कधी खरंच रागावलेले असतात, तेही आता दिसणार नाही ना! काल औषध कडू म्हणून चिडले होते, ते त्यांनी सांगितलं तेव्हा समजलं. म्हणून मी विचारते. दर वेळी मनात तीनदा वाक्य म्हणून बघते, पण विचारते. तेही मला विचारतात, "तू आत्ता घाबरलीस का?" बहुतेक वेळा मी घाबरलेलीच असते.

आता तुझं पत्र वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तू सामानासकट येतेस तिथपर्यंत. ते खुर्चीत बसून ऐकत होते, नजर माझ्या हातातल्या कागदावर. वाचून झालं. मला वाटलं, नको आहे का त्यांना तू यायला? त्यांच्या चेहऱ्यावर तसंच होतं. म्हणजे मला तसं दिसलं. मी कागदाची घडी घातली, उलगडली, आणि विचारलं, "बाबा, काय वाटतंय तुम्हाला?"

"लिही तिला," ते म्हणाले. "म्हणावं, दादा हसतोय."

मी वर बघितलं. गाल, ओठ, डोळे, काहीही हललेलं नव्हतं.

"खरंच?"

"अगं, खरंच. मोठ्याने हसतोय."

म्हणून लिहिते आहे. आत्या, बाबा हसत आहेत.

तुझी,
खारू